उसन्या शब्दांची प्रार्थना

आमच्या मंडळीत आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या चार-पाच बायकांचा एक गट आहे. त्यांतल्या सर्वांत थोरल्या मावशी पिशवीत चष्मा, पाण्याची बाटली आणि मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र घालून निघतात. दोन वर्षांपूर्वी एका काकांच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी खाटेशेजारी उभं राहून स्तोत्र ९१ वाचलं. जिथे जिथे 'तू' आला तिथे तिथे काकांचं नाव घातलं. आजूबाजूला हजारो पडले तरी देवाच्या सावलीत राहणाऱ्याला काही बाधणार नाही, अशा आशयाचं ते स्तोत्र. वाचून संपलं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसानंही हात जोडले होते. काका ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी गेले. महिन्याभरानं घरच्या प्रार्थनासभेत त्यांच्या सुनेनं आवाज न चढवता विचारलं, "मावशी, मग ते वचन कोणासाठी होतं?"

पाळकसाहेबांनी काहीतरी उत्तर दिलं. ते आता कोणालाच आठवत नाही. प्रश्न मात्र अजून घराघरांत फिरतो आहे.

शास्त्रातला उतारा समोर ठेवून स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी प्रार्थना करण्याची रीत ख्रिस्ती धर्माइतकी जुनी आहे, खरं तर त्याहूनही जुनी. या रीतीवर पुस्तकं पुष्कळ निघतात आणि बहुतेक सगळी 'कशी करावी' याची असतात. सुनेचा प्रश्न त्यांच्या आधीचा आहे. आपण वचन वाचतो आणि मग काय मागायचं ते ठरवतो, की काय मागायचं ते आधी ठरवून त्याला साजेसं वचन हुडकतो? दोन्हींत ओठांवर तेच शब्द असतात, म्हणून बाहेरून फरक दिसत नाही. पण या रीतीचा सगळा इतिहास चाळला तर जिथे ती टिकली आणि जिथे ती फसली, तिथे कारण हेच सापडतं असं माझं मत झालं आहे.

स्तोत्र ९१चंच पाहा. प्राचीन काळातले ख्रिस्ती ताईत उत्खननात सापडले आहेत. त्यांवर बायबलमधला जो मजकूर वारंवार आढळतो त्यात प्रभूच्या प्रार्थनेबरोबर हे स्तोत्र आहे. म्हणजे रक्षणाचा मंत्र म्हणून त्याचा वापर दीड हजार वर्षांहून जुना. आणि त्याहीपेक्षा जुना एक वापर शुभवर्तमानातच नोंदलेला आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो. पुरावा म्हणून तो याच स्तोत्रातलं देवदूतांचं आश्वासन म्हणून दाखवतो. शब्द बरोबर, संदर्भ खरा. येशू उत्तर देतो तेही शास्त्रातूनच, अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून: देवाची परीक्षा पाहू नये. तेव्हा 'असं लिहिलं आहे' एवढं म्हटल्यानं काम भागत नाही, हे ख्रिस्ती माणसाला पहिल्याच धड्यात शिकवलेलं आहे. तो धडा आपण विसरतो, कारण आश्वासनं गोड असतात.

बायबलमधली माणसं स्वतः प्रार्थना कशी करतात? बहुतेक वेळा उसन्या शब्दांनी. योना माशाच्या पोटातून जी प्रार्थना करतो ती स्तोत्रांच्या तुकड्यांची गोधडी आहे. मरियेच्या गीतात हन्नेच्या गीताचे धागे स्पष्ट दिसतात. दानीएल यिर्मयाच्या ग्रंथात सत्तर वर्षांचा हिशेब वाचतो आणि तिथेच गोणपाट नेसून, राख लावून पापांगीकाराला बसतो. वधस्तंभावर येशूच्या तोंडून आला तो आक्रोश बाविसाव्या स्तोत्राचा आणि प्राण सोडतानाचा शब्द एकतिसाव्याचा. मरणाच्या दारात त्यानंही नवे शब्द जुळवले नाहीत.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातला प्रसंग. पेत्र आणि योहान यांना धमकावून सोडून दिलं आहे. ते आपल्या लोकांत येतात आणि सगळे मिळून दुसरं स्तोत्र म्हणतात, राष्ट्रं खवळतात आणि राजे देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध उठतात ते. लगेच ते त्या राजांच्या जागी आपल्या काळातली नावं ठेवतात: हेरोद, पिलात. इथवर आपणही करतो. पण पुढे काय मागतात ते बघण्यासारखं आहे. त्याच स्तोत्रात पुढे शत्रूंना लोखंडी दंडानं फोडून टाकण्याची भाषा आहे. ती मागण्याचा त्यांना पुरता हक्क होता, वचन हाताशी होतं. त्यांनी ती मागितली नाही, धमक्या बंद होऊ दे असंही म्हटलं नाही. त्यांनी मागितलं ते बोलण्याचं धैर्य. वचनानं त्यांना प्रसंगाचा अर्थ दिला, आणि तो अर्थ कळल्यावर मागणीच बदलली.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा अथनासियस आजारातून उठणाऱ्या मार्सेलिनस नावाच्या माणसाला एक लांबलचक पत्र लिहितो. इतर पुस्तकांत आपण दुसऱ्यांची कहाणी वाचतो, स्तोत्रांत मात्र वाचणाऱ्यालाच ती आपली वाटू लागते, आपल्या मनाचा आरसा होते, असा त्या पत्राचा सूर आहे. पुढे तो कोणत्या प्रसंगी कोणतं स्तोत्र म्हणावं याची यादीच देतो. आजही शास्त्राच्या मागच्या पानांवर 'भीती वाटते तेव्हा', 'एकटेपणी' अशी जी सूची छापलेली असते तिचा हा पूर्वज. पण आपल्या सूचीत आणि त्याच्या सूचीत फरक आहे. त्याला वाटत होतं की आरशात माणूस स्वतःला पाहतो आणि सुधारतो. आपली सूची म्हणजे औषधाच्या दुकानातली फळी.

त्याच शतकाच्या शेवटी इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस हा तपस्वी आणखी एक गोष्ट करतो. खादाडपणा, लोभ, खिन्नता, गर्व अशा आठ कुविचारांविरुद्ध तो शास्त्रातली जवळपास पाचशे वचनं निवडून आठ भागांत लावतो. विचार आला की त्यावर हे वचन फेकायचं. नमुना अर्थात अरण्यात सैतानाला वचनानं उत्तर देणाऱ्या येशूचा. यात गंमत अशी की त्याची वचनं प्रार्थना करणाऱ्याच्याच मनाला उलट उत्तर देतात. त्यानंतरच्या पिढीतल्या योहान कासियाननं सांगितलेली युक्ती याहून साधी: सत्तराव्या स्तोत्राचं पहिलंच वचन, धावून ये अशा अर्थाचं, दिवसभर उठता-बसता म्हणत राहावं. कॅथलिक मठांतल्या प्रहरांच्या प्रार्थनेची सुरुवात आजही त्याच वचनानं होते. सहाव्या शतकात बेनेडिक्टनं आपल्या मठासाठी आठवड्यात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं असा नियम घातला, आणि वर टोमणा मारला की पूर्वजांनी हे एका दिवसात केलं, आपल्याला निदान आठवड्यात तरी जमावं.

या दीडशेच्या हट्टात एक शहाणपण आहे. निवड तुमची नाही. आज तुम्ही खुशीत असाल आणि क्रमानं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र येईल. दीडशेमधलं सर्वांत काळोखं ते. शेवटच्या ओळीपर्यंत त्यात उजेड येत नाही, ते अंधारातच थांबतं. मग ते का म्हणायचं? याचं उत्तर फार उशिरा, १९४० साली, डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाळकानं स्तोत्रांवरच्या छोट्या पुस्तकात नीट मांडलं. नाझी राजवटीत त्याच्या हयातीत निघालेलं ते शेवटचं पुस्तक. १९४५च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी झाली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की स्तोत्रं मुळात ख्रिस्ताची प्रार्थना आहेत, आणि आपण त्याच्यामागे उभं राहून ती म्हणतो. म्हणून एखादं स्तोत्र आज माझ्या मनाला लागू पडत नसेल तर ते वगळायचं कारण नाही, ते आज दुसऱ्या कोणाचं असेल. सुखाच्या दिवशी म्हटलेलं अठ्ठ्याऐंशीवं ही अंधारात असलेल्या कोणासाठी केलेली मध्यस्थी आहे. दुसऱ्यासाठी प्रार्थना म्हणजे त्याचं नाव वचनात घालणं, एवढंच आपण समजत आलो. बॉनहॉफर उलटं सुचवतो: दुसऱ्याच्या वचनात आपण जाऊन उभं राहायचं.

वाचन आणि प्रार्थना यांचा सांधा कुठे असतो हे बाराव्या शतकात गिगो नावाच्या फ्रेंच कार्थुसियन मठाधिपतीनं शिडीच्या चार पायऱ्यांत सांगितलं: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे चावणं. मराठीत 'मनन' शब्द फार निर्मळ, फार डोक्यातला झाला आहे. पहिल्या स्तोत्रात जिथे आपण मनन वाचतो तिथला मूळ हिब्रू शब्द पुटपुटण्याचा आहे. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात तोच शब्द शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी येतो. आजी जात्यावर ओवी घोळवत असे तसं काहीतरी, किंवा बैल सावलीत रवंथ करतो तसं. ओठ हलले पाहिजेत.

तेविसावं स्तोत्र आपल्याला पाठ असतं, म्हणून त्यातली एक गोष्ट निसटते. सुरुवातीला बोलणारा देवाविषयी बोलतो: तो मेंढपाळ, तो नेतो, तो ताजंतवानं करतो. सगळं 'तो'. मग चौथ्या वचनात काळोखाचं खोरं येतं आणि तिथे भाषा न सांगता वळते: 'तू'. हिरवळीवर जो 'तो' होता तो खोऱ्यात 'तू' झाला. वाचनाची प्रार्थना होते ती नेमकी या जागी. कोणताही उतारा घेऊन बसलं की हा वळसा कुठे घेता येईल ते पाहणं, एवढीच मला कळलेली पद्धत आहे. बाकीचे क्रमांक आणि पायऱ्या ज्याच्या त्याच्या सोयीच्या.

सोयीच्या पद्धतींत मार्टिन ल्यूथरची सर्वांत माणसाळलेली. विटेनबर्गच्या पीटर नावाच्या न्हाव्यानं त्याला विचारलं, प्रार्थना कशी करावी? ल्यूथरनं १५३५ साली त्याच्यासाठी एक पुस्तिकाच लिहिली. सल्ला देताना उपमाही न्हाव्याचीच दिली: चांगल्या न्हाव्याचं चित्त वस्तऱ्यावर असतं. गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचं नाक गेलं. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार हे समोर घ्यायचे आणि आज्ञेच्या एकेका ओळीचे चार पदर करायचे. समजा चोरी न करण्याची आज्ञा. पहिला पदर शिकण्याचा: शेजाऱ्याच्या मालावर देवाची नजर आहे. दुसरा आभाराचा: म्हणजे माझ्याही घरावर आहे. तिसरा कबुलीचा: ऑफिसचा वेळ, सरकारचा कर, भावाच्या हिश्श्याची जमीन, काय काय उचललं ते. चौथा मागण्याचा. पहिले तीन पदर झाल्यावर चौथ्यात काय मागायचं ते आपोआप बदललेलं असतं. आणि ल्यूथर एक सूट देतो ती मोलाची. मध्येच पवित्र आत्मा मनात बोलू लागला तर पुढचं सोडून द्या, गप्प बसा, ऐका. पद्धत पुरी करण्यासाठी पद्धत नाही.

त्या पीटरचं पुढे काय झालं ते पुस्तिकेच्या प्रस्तावनांत बरेच जण गाळतात. त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास, जेवणाच्या पंक्तीत, दारूच्या अमलाखाली त्यानं आपल्या जावयाला भोसकलं. ल्यूथर आणि इतरांनी रदबदली केली म्हणून पीटरचा जीव वाचला, हद्दपारी झाली. उत्तम पद्धत हाताशी असून माणूस एवढा घसरू शकतो, हेही या आढाव्यात यायला हवं.

इग्नाशियस लोयोलाची 'आध्यात्मिक साधना' १५४८ साली छापली गेली. तिची वाट वेगळी, डोळ्यांची. प्रसंग वाचा, त्या जागेत जाऊन उभे राहा, धूळ, आवाज, माणसं पाहा आणि शेवटी मित्र मित्राशी बोलतो तसं ख्रिस्ताशी बोला. शब्दांनी कंटाळलेल्यांना ती मानवते. मला फारशी जमली नाही, मी बेथलेहेमच्या गोठ्यात आमच्या गावाकडच्या म्हशी बांधून मोकळा होतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला हजारो अनाथ मुलं सांभाळणाऱ्या जॉर्ज म्यूलरनं १८४१ साली नोंदवलेला बदल अगदी घरगुती आहे. आधी तो सकाळी उठून थेट प्रार्थनेला बसे आणि पंधरा मिनिटं, अर्धा तास मन भटकण्यातच जाई. मग त्यानं क्रम उलटा केला: आधी वाचन, थोडंसं, मनाला खाऊ मिळेल इतकं. वाचता वाचता प्रार्थना आपणच सुरू होई. कधी आभार, कधी कबुली, कधी कोणासाठी मागणं. एवढा मोठा खटाटोप करणारा माणूसही प्रार्थनेत भटकतो हे वाचून मला जेवढा धीर आला तेवढा त्याच्या यशाच्या गोष्टी वाचून आला नाही.

मराठी मंडळ्यांत या रीतीला आपले असे रंग चढले. राचोलला १६१६ साली छापलेलं थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' हे शास्त्रातली कथा ओवीत म्हणण्याचं मोठं उदाहरण. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा भाषेत. १९२२ साली मृत्यूच्या उंबरठ्यावर असताना त्यांचं काम पुरं झालं. ज्या बाईच्या हाती कळणाऱ्या भाषेतलं वचन नाही ती प्रार्थनेत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहणार, हे त्यांनी ओळखलं होतं. नारायण वामन टिळक तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, आणि त्यांच्या अभंगांतून ते दिसतंही.

इथे मला एक कोडं पडतं. तुकोबा विठोबाशी भांडतात, जनाबाई त्याला शिव्या घालते, आणि कोणाला त्यात अभक्ती दिसत नाही. म्हणजे देवाला जाब विचारणारी प्रार्थना मराठी कानाला परकी नाही. तेरावं स्तोत्र देवाला 'कुठवर' असा सवाल पहिल्या दोन वचनांत चार वेळा करतं. मग आपल्या प्रार्थनासभांत ते का ऐकू येत नाही? तिथे 'हे दयाळू, कृपाळू, स्वर्गीय बापा' पासून 'येशूच्या नावानं मागतो' पर्यंत नुसता गोडवा. छापील प्रार्थना म्हणणाऱ्यांना आपण पोपटपंची म्हणतो, आणि आपली उत्स्फूर्त प्रार्थना दर बुधवारी तीच असते, स्वल्पविरामासकट.

या गोडव्याचं घरगुती रूप म्हणजे प्रॉमिस बॉक्स. टेबलावरची छोटी पेटी, आत वचनांच्या सुरळ्या, सकाळी एक काढायची. एकतीस डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये वर्षाचं वचन काढायचं. हिला उगाच हसू नये. जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरेव्हियन मंडळीत १७२८पासून रोजचं एक वचन देण्याची रीत आहे. १७३१ सालापासून ती वचनं पुस्तकरूपानं निघतात आणि आजही चिठ्ठी टाकूनच निवडली जातात. पण हेर्नहूटच्या पुस्तकात चिठ्ठीनं निघालेल्या जुन्या करारातल्या वचनाशेजारी नव्या करारातलं दुसरं वचन विचारपूर्वक निवडून ठेवतात, आणि त्याला जोडून एखादी प्रार्थना किंवा गीताचं कडवं. वचन एकटं सोडत नाहीत. आमच्या पेटीत फक्त आश्वासनं. मी एकदा दुपारभर बसून सगळ्या सुरळ्या उलगडल्या. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रातली एकही नव्हती, आज्ञाही जवळजवळ नव्हत्या.

पेटीत हमखास सापडतं ते यिर्मया २९:११, भलं करण्याचे आणि आशा देण्याचे देवाचे बेत सांगणारं. दहावीच्या निकालापासून व्हिसाच्या मुलाखतीपर्यंत सगळीकडे ते चालतं. मुळात ते एका पत्रातलं वाक्य आहे. यरुशलेमहून बाबेलच्या बंदिवानांना गेलेलं पत्र. आधीच्याच वचनात मुदत सांगितली आहे: सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याच्याही वर, सातव्या वचनात, ज्या शहरात तुम्हांला ओढून नेलं त्याच शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा असं सांगितलं आहे. दुसऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचा एवढा अवघड हुकूम शास्त्रात क्वचित सापडेल, आणि तो त्या लाडक्या वचनापासून चार वचनांवर आहे. तो भिंतीवर टांगलेला मी पाहिला नाही.

मराठीत आणखी एक फसगत होते. त्या पत्रातला 'तुम्ही' अनेकवचनी आहे, सगळ्या बंदिवानांना मिळून. आपल्याकडे 'तुम्ही' आदरार्थीही असतो, म्हणून वाचणाऱ्याला तो सहज स्वतःपुरता वाटतो. पौलाच्या पत्रांतही असंच. याउलट प्रभूची प्रार्थना 'आमचा', 'आम्हांला' अशीच चालते. 'माझी' भाकर तिथे मागताच येत नाही. अंगणवाडीतलं पोर ती म्हणतं तेव्हाही अख्ख्या गावासाठी मागत असतं. ऑगस्टिननं प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की योग्य अशी कोणतीही मागणी या प्रार्थनेबाहेर पडत नाही. उताऱ्यात कोण कोणाला बोलतो, एक की अनेक, हे बोटानं तपासलं तरी निम्म्या चुका टळतील.

१ इतिहास ४:१० मधल्या याबेसच्या एका ओळीच्या प्रार्थनेवर २००० साली अमेरिकेत एक छोटं पुस्तक निघालं आणि लाखोंनी खपलं. सीमा वाढव, आशीर्वाद दे. मागण्यात गैर काही नाही, याबेसनं मागितलं आणि देवानं दिलं. पण एका माणसाची एकदाची प्रार्थना रोजच्या सूत्रासारखी वापरली की तिची किल्ली होते, आणि किल्लीनं कुलूप उघडलं नाही की दोष किल्ली धरणाऱ्याच्या हाताला लागतो. 'तुमचा विश्वास कमी पडला' हे वाक्य मी मयताच्या घरी ऐकलं आहे.

दुसऱ्यांसाठी काय मागावं याचे सर्वांत भरघोस नमुने पौलाच्या पत्रांत आहेत: इफिसकरांस पहिला आणि तिसरा अध्याय, फिलिप्पैकरांस पहिला, कलस्सैकरांस पहिला. ही पत्रं तुरुंगातली, तरी या प्रार्थनांत बेड्या नाहीत. कलस्सैच्या बहुतेक लोकांचं तर त्यानं तोंडही पाहिलं नव्हतं. अर्थात परिस्थितीसाठी मागू नये असं कोणी म्हणत नाही. पौल रोमकरांना आपल्या सुटकेसाठी प्रार्थना करायला सांगतो, याकोब आजाऱ्यावर तेल लावून प्रार्थना करायला सांगतो, तिसऱ्या योहानात गायसच्या तब्येतीसाठी प्रार्थना आहे. पण वजन कुठे आहे ते दिसतं.

माझा भाचा पुण्यात नोकरी शोधत होता. मी रोज एकच म्हणायचो, त्याला चांगली नोकरी दे. सांगून संपलं, अर्ध्या मिनिटात. मग महिनाभर कलस्सैकरांस १:९-१२ समोर ठेवलं. त्यात पहिली मागणी देवाची इच्छा कळण्याची. तेव्हा म्हणावं लागलं, कोणती नोकरी नाकारायची तेही त्याला कळू दे. पुढे योग्य वागणूक. म्हणजे अर्जात नसलेला अनुभव लिहायला मित्र सांगतील तेव्हा त्याचा हात थांबू दे. मग बळ, आणि ते कशासाठी? पौल म्हणतो सहनशीलतेसाठी, आनंदासहित. इथे मी अडलो. सातवा नकार आल्यावर आनंद? हे माझ्या तोंडातून निघेना, म्हणून दोन दिवस तेवढंच म्हटलं: हे मला मागता येत नाही, तूच बघ. शेवटी आभार. त्याच्याबद्दल आभार मानण्यासारखं काय आहे ते आठवू लागलो आणि लक्षात आलं, तीन महिन्यांत मी त्याला नोकरीशिवाय दुसरं काही विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी फोन केला. नोकरी पुढे चार महिन्यांनी लागली, साधीच. त्याचा आणि प्रार्थनेचा संबंध लावण्याचा माझा अधिकार नाही.

दुसऱ्यासाठी वचन वापरताना एक खोड मात्र टाळावी. कौटुंबिक प्रार्थनेत सासूबाई डोळे मिटून नम्रतेचं, आज्ञाधारकपणाचं वचन घेतात आणि सगळ्यांना कळतं ते कोणाच्या नावे आहे. देवाच्या आडून मारलेला टोमणा तो. दुसऱ्यासाठी निवडलेलं वचन आधी दोन दिवस स्वतःवर वापरून पाहावं, मग धार कळते.

राहिली शापाची स्तोत्रं. १३७चा शेवट, १०९ सबंध. कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर प्रहरांची प्रार्थना नव्यानं बांधली तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्णच वगळली. कारण समजतं. तरी मला ती राहायला हवी होती असं वाटतं. आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी घरांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले. त्यांच्या नातवंडांनी अन्यायाबद्दल देवासमोर दात-ओठ खाल्ले तर त्यांना कोणत्या तोंडानं गप्प करणार? त्या स्तोत्रांत सूड देवाच्या हवाली केलेला असतो, स्वतःच्या हातून खाली ठेवलेला असतो. ज्याच्या मनात राग नाही त्यानं ती आज म्हणू नयेत, एवढं फार तर म्हणता येईल. आणि बॉनहॉफरचं ऐकलं तर तेही म्हणता येत नाही.

मावशी अजून जातात. ९१ त्यांनी सोडलेलं नाही, पण नाव घालणं बंद केलं आहे, आणि आता आधी विचारतात, काय वाचू? गेल्या महिन्यात डायलिसिसवरच्या एका तरुणाकडे मी त्यांच्याबरोबर होतो. तो म्हणाला, काहीही वाचा, फक्त बरं होण्याचं नको. मावशींनी पानं चाळली आणि तेरावं काढलं. दुसरं वचन संपेपर्यंत त्यांनी चारही 'कुठवर' वाचले, आणि तिसऱ्यावर बोट ठेवून श्वास घेतला. तेवढ्यात तो पोरगाच छताकडे बघत बोलू लागला, त्याच्या भाषेत, मोडक्या वाक्यांत, मध्ये एक शिवीसुद्धा. मावशींनी बोट तिथेच ठेवलं आणि चष्मा काढला. पुढची चार वचनं त्या दिवशी वाचायची राहिली.